राजासॉरस टेबलावर आणताना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी अमेरिकेत आणला. एकजण, म्हणजे डंजन मास्टर किंवा डीएम, गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि धाडस जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. डायनासोर या खेळात फार लवकर शिरले. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ते होतेच, आणि २०१७च्या ‘टूम ऑफ अ‍ॅनायहिलेशन’ या मोहिमेत तर चल्ट नावाचं अख्खं जंगल त्यांनी भरून गेलं. सोलापुरात हा खेळ मांडणारी कॉलेजची पोरं माझ्या ओळखीची आहेत. त्यांच्या टेबलावर टी-रेक्स येतो, गर्जना करतो, शेवटच्या थेंबापर्यंत लढतो आणि मरतो. असा प्राणी पृथ्वीवर कधी नव्हता. आणि जे खरे होते, त्यांच्यातले काही आपल्याच महाराष्ट्राच्या जमिनीवर चरून, अंडी घालून गेले आहेत.

दोष आकड्यांचा आहे, असं बहुतेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. २०१४च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधल्या टी-रेक्सचा वेग सहा सेकंदांच्या एका फेरीत ५० फूट, म्हणजे तासाला सुमारे ९ किलोमीटर. सगळा जोर लावून धावला तर त्याच्या दुप्पट. पूर्ण वाढलेला टी-रेक्स सुसाट पळू शकत नसावा, असंच बऱ्याच अभ्यासकांची संगणकीय गणितंही सांगतात. म्हणजे आकडा काही वावगा नाही. वावगं आहे ते वागणं. भुकेला शिकारी जखमी व्हायला घाबरतो, कारण पाय मोडला की पुढची शिकार संपली. १९८१च्या जुन्या बेसिक नियमांत याची सोय होती. प्रत्येक प्राण्याच्या धीराला २ ते १२ मधला एक आकडा दिलेला असे. लढाई अंगाशी आली की दोन फासे टाकायचे, बेरीज त्या आकड्याच्या वर गेली की प्राणी माघार घेतो. एवढा एक नियम परत आणला तरी टेबलावरचा डायनासोर निम्मा खरा होईल.

उरलेला निम्मा शिकायचा असेल तर सोलापूरकरांनी बार्शी रोडला लागावं. वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. १९७९ साली तिथे माळढोकासाठी अभयारण्य झालं. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज. शास्त्राच्या हिशेबात तर पक्षी म्हणजे डायनासोरच. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. सिनेमाने माणसाएवढा करून टाकलेला व्हेलोसिरॅप्टर प्रत्यक्षात साधारण याच वजनाचा होता, आणि त्याच्या हातावर पिसं होती. ती जिथे रुजली होती त्या खुणा एका हाडावर सापडल्याचं २००७ साली जाहीर झालं. विणीच्या काळात माळढोकाचा नर माळावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवतो. ती पांढरी पिशवी छातीखाली लोंबू लागते, शेपूट पाठीवर उभी राहते, आणि चोच न उघडता तो लांबवर ऐकू जाणारा खोल घुमारा काढतो. तोंड मिटून घुमण्याची ही तऱ्हा काही डायनासोरांतही असू शकेल, असं २०१६च्या एका अभ्यासाने सुचवलं आहे. मग डीएमने जबडा फाडून केलेली गर्जना कशाला आणावी? आधी नुसता घुमारा ऐकवा. कुठून येतो ते कळू देऊ नका. प्राण्याने आधी अंग फुगवावं, वाट अडवावी, आणि पात्रांनी ती खूण ओळखली नाही तरच दात दाखवावेत. नान्नजला आता माळढोक दिसणं फार दुर्मीळ झालं आहे, आणि ही गोष्ट मला खेळापेक्षा कितीतरी जास्त लागते.

आता जमीन. टी-रेक्स आणि ट्रायसेराटॉप्स उत्तर अमेरिकेचे. भारतात त्यांचा मागमूस नाही. आपल्याकडे होता राजासॉरस, गुजरातेत रहिओलीला सापडलेला आणि २००३ साली नाव मिळालेला मांसाहारी. सात मीटरच्या आसपास लांब, कपाळावर बुटकं शिंग, मान दणकट. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला मिळाला इसिसॉरस, लांब मानेच्या शाकाहाऱ्यांपैकी एक. १९९७ साली त्याचं वर्णन झालं आणि २००३ साली त्याला कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं नाव मिळालं.

माझ्या मते सगळ्यात मोठा ठेवा मात्र वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात आहे, आणि तो हाडांचा नाही, विष्ठेचा आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच पिसदुऱ्याची हाडं गोळा केली होती. तिथल्याच दगड झालेल्या विष्ठेचे तुकडे वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. गवताच्या पेशींत सिलिकाचे बारीक कण तयार होतात आणि पान कुजलं तरी ते टिकतात. असे किमान पाच प्रकारच्या गवतांचे कण त्या विष्ठेत निघाले. २००५ साली ‘सायन्स’मध्ये हे छापून येईपर्यंत डायनासोरांनी गवत खाल्लं असेल, असं सहसा कोणी मानत नव्हतं. आपली ज्वारीही त्याच गवताच्या कुळातली.

पण डीएमने इथे घाई करून टेबलावर नान्नजसारखा गवताळ माळ पसरू नये. त्याच विष्ठेत ताड-माडांचे, सूचिपर्णी झाडांचे आणि इतर वनस्पतींचेही अवशेष होते. गवत हा त्या जेवणातला एक घास. तेव्हा झाडोरा हवा, पाणथळ हवी आणि गवत अधूनमधून. पात्रांना प्राणी दिसण्याआधी त्याची ताजी विष्ठा दिसू द्या. ती उकरून पाहणाऱ्याला कळप कुठे चरतोय ते कळावं. शोधाची ही वाट तलवारीपेक्षा मोलाची आहे.

लढाईशिवाय रंगणारा एक प्रसंग तर आयता तयार आहे. गुजरातेत ढोली डुंगरीला नागपूरचे भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना डायनासोरच्या अंड्यांचा एक दगड मिळाला होता. पुढे लक्षात आलं की त्यात फुटलेल्या अंड्याभोवती साडेतीन मीटरचा साप वेटोळं घालून आहे आणि शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. २०१० साली या सापाला ‘सनाजे’ नाव मिळालं. पात्रं घरट्यापाशी पोचली आहेत, साप सरकतोय. पिल्लू वाचवायचं की बघत राहायचं? एकही फासा न टाकता टेबल तासभर गुंतून पडेल.

आणि मग लाव्हा. पाचेक लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आपला काळा दगड म्हणजे त्याच लाव्हाचा बेसाल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. हे सगळं एका रात्रीत झालं नाही. एक थर येई, थंड होई, वर माती साचे, तळी होत. त्यांत मासे आणि बेडूक नांदत, काठाला झाडं उगवत, आणि मग पुढचा थर येई. खेळाची मोहीम अशाच दोन थरांमधल्या काळात मांडावी, जिथे गाव वसवावं की निघून जावं हा प्रश्न खरा असतो. माणूस तेव्हा नव्हता, हे सूट म्हणून मान्य करावं. बाकी कशात सूट घेऊ नये.

सोलापुरात डायनासोरचं हाड सापडलेलं नाही, आणि कारण पायाखालीच आहे: जुनी जमीन लाव्हाच्या जाड थरांखाली गाडलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर तिथे खोल बोअर घेतलं गेलं. ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली ८ मीटर जुना गाळ आणि त्याखाली मूळ खडक. त्या गाळात हाडं नाही मिळाली, पण लाव्हा येण्याआधीची दख्खनची जमीन तिथे झाकून आहे.

या जमिनीवरची मोहीम मराठीत लिहिली जावी, अशी माझी इच्छा आहे. फासे हातात असलेल्या पोरांनो, चल्टचा नकाशा एकदा बाजूला ठेवा. पिसदुरा, डोंगरगाव, किल्लारी ही नावं कागदावर मांडा, प्राण्यांना धीराचे आकडे द्या आणि पुढच्या दिवाळीआधी एक तरी मोहीम खेळून बघा.