ऐकण्याआधीचं गणित

२६ डिसेंबर २०१५. सकाळचे नऊ वाजून नऊ मिनिटं होत आली होती. नाताळच्या गर्दीने भरलेल्या गोव्यातल्या मांद्रेच्या किनाऱ्यातून, माडांतून, माणसांतून एक गुरुत्वीय लहर आरपार निघून गेली. सुमारे १४० कोटी प्रकाशवर्षं दूर, सूर्याच्या १४ पट आणि ८ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एक झाली होती. त्यात जवळजवळ एका सूर्याइतकं वस्तुमान लहरी होऊन विश्वभर पसरलं. इथे कुणाला काहीच जाणवलं नाही. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांतल्या नोंदींवरही नुसती नजर टाकून ती लहर दिसली नसती.

ती सापडली, कारण ती कशी असेल याचं गणित, म्हणजे तिचा साचा, आधीच मांडून ठेवलेला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये लायगोला सापडलेली पहिली लहर इतकी ठळक होती की गणिती साच्याशिवायही ती संगणकाच्या नजरेत भरली. डिसेंबरची तशी नव्हती. म्हणून मला तिचं महत्त्व अधिक वाटतं.

लायगोच्या चार किलोमीटर लांब भुजांत अशा लहरीने पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. जमिनीची थरथर आणि लेसरचा स्वतःचा गोंगाट यांत तो बुडून जातो. भर जत्रेत आपल्या माणसाची हाक कळते, कारण तो आवाज आपल्या ओळखीचा असतो. यंत्राला ही ओळख करून द्यावी लागते. डिसेंबरच्या त्या लहरीची सेकंदभरातली सुमारे ५५ आंदोलनं साच्याशी एकेक करून जुळवली, तेव्हा खरा संकेत साचत गेला आणि गोंगाट आपसांतच फिटला.

असे साचे किती लागतील, एकमेकांपासून किती अंतरावर ठेवावे लागतील, हा प्रश्न पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत बसून बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी १९९१ मध्ये हाताळला. तेव्हा लायगोचं बांधकामही सुरू झालेलं नव्हतं. ऐकायला कानच नसताना आवाजाचा अभ्यास करायचा, याला विलक्षण धीर लागतो. पुढे पहिल्या लहरीच्या शोधात सुमारे अडीच लाख साचे वापरले गेले.

साच्याचे तीन भाग. कृष्णविवरं जवळ येत असतानाचा भाग कागदावर सोडवता येतो. त्यात तेव्हा बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत असलेल्या बाला अय्यर यांचा मोठा वाटा आहे. एक झाल्यावर नवं कृष्णविवर थरथरत शांत होतं, ते सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं. अडलं ते मधल्या क्षणाशी. तिथे आइन्स्टाइनची समीकरणं फक्त संगणकाला सुटतात, आणि २००५ मध्ये फ्रान्स प्रिटोरियस यांना ते जमेपर्यंत संगणकही हार मानत होते. आजही एका टकरीचं गणित महासंगणकावर आठवडे घेऊ शकतं. म्हणून मोजक्या टकरी सोडवून त्यांवर सूत्रं बेततात आणि त्यांतून लाखो साचे काढतात.

आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशीच वेधशाळा, लायगो-इंडिया, उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पावसाळ्यात समुद्राच्या लाटांनी जमिनीत उठणारी मंद थरथर किनाऱ्यापासून फार आतपर्यंत पोचते, तेव्हा आपला समुद्रही तिथल्या गोंगाटात भर घालणार. यंत्र जितकं संवेदनशील, तितके साचे अचूक हवेत: कृष्णविवरं स्वतःभोवती तिरकी फिरत असतील, कक्षा लांबट असेल, तर आजची सूत्रं तोकडी पडू शकतात. लायगोच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत आणि साध्या लॅपटॉपवरही साचा लावून पाहता येतो. पेडणे-डिचोलीतून भौतिकशास्त्र शिकायला जाणाऱ्या मुलांनी यात आताच हात घालावा, असं मला मनापासून वाटतं.