हवा-पेट्रोलचा आकडा: वाइडबँड गेज निवडताना आणि बसवताना

रिहे, ता. मुळशी येथे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं गाडीच्या मीटरवर बोलायचं, याची काहींना गंमत वाटत असेल. पण प्रश्न माझ्याच प्रांतातला आहे. जे डोळ्यांना दिसत नाही ते कशावरून ओळखायचं, आणि त्या ओळखीवर विश्वास कधी ठेवायचा? इंजिनात हवा आणि पेट्रोल कोणत्या प्रमाणात जळतंय हे कुणाला दिसत नाही. वाइडबँड गेज ते सांगतं, असं म्हणतात. ते नेमकं काय सांगतं, कोणतं घ्यावं आणि कसं बसवावं, एवढंच आज बघू.

आधी, हे हवं कुणाला? ज्यांच्या गाडीत इंजेक्शन आणि कॉम्प्युटर आहे, त्यांच्या सायलेन्सरच्या पाइपात कंपनीनं ऑक्सिजन सेन्सर दिलेलाच असतो. गाडी स्वतःला सांभाळते. गरज आहे ती कार्ब्युरेटरवाल्यांना. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली १०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी, पहिल्या काळातली मारुती ८००, अशा गाड्या आजही लोकांनी जिवापाड जपल्यात. कार्ब्युरेटरला नाक नाही, डोळे नाहीत. जेटच्या भोकातून जेवढं जाईल तेवढं इंधन तो देतो. ते इंधन बदललंय, हे त्याला कळत नाही.

आणि इंधन बदललंय. ई-२० पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली, आणि २०२५ पर्यंत देशात २० टक्के इथेनॉलचं मिश्रण गाठलं गेलं. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला लागते फक्त ९ किलो, कारण ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो. हिशेब केला तर ई-२० ला साधारण १३.५ किलो हवा पुरते. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बरोबर लावलेला कार्ब्युरेटर ई-२० वर आठ-नऊ टक्के कोरडा चालतो. गॅरेजवाले याला ‘लीन’ म्हणतात. पेट्रोल जास्त झालं की ‘रिच’. घाट चढताना, भार असताना लीन चाललेलं इंजिन जास्त तापतं, ठोकतं, आणि हे लांबलं तर व्हॉल्व्ह जळतात. जास्त रिच झालं तर प्लग काळे पडतात, धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि पेट्रोल वाया जातं. तेव्हा हा आकडा हौसेचा नाही. तीस वर्षं जपलेलं इंजिन टिकणार की नाही, याचा आहे.

आता गेज काय करतं ते बघा. आपल्या न्यायदर्शनात अनुमानाचं एक ठरलेलं उदाहरण आहे. समोरच्या डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे अग्नी आहे. अग्नी दिसत नाही, धुरावरून ओळखला. गेज अक्षरशः हेच करतं. ते सिलिंडरमध्ये डोकावत नाही. बाहेर आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला किंवा किती कमी पडला, ते मोजतं, आणि त्यावरून आत काय जळलं असेल ते सांगतं. गेजवरचा आकडा म्हणजे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान.

साधा ऑक्सिजन सेन्सर, ज्याला नॅरोबँड म्हणतात, तो बॉश कंपनीनं बनवला आणि १९७६ मध्ये व्होल्वो गाडीत पहिल्यांदा आला. त्यामागचं शास्त्र वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाचं. तापलेल्या झिर्कोनियाच्या एका बाजूला धूर आणि दुसऱ्या बाजूला हवा असली, की दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकाप्रमाणे वीजदाब तयार होतो. रिच असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, लीन असेल तर ०.१ च्या आसपास. मधला जिना नाही, एकदम कडा. म्हणजे तो ‘जास्त’ की ‘कमी’ एवढंच सांगतो. ‘किती’ हे सांगत नाही.

वाइडबँड ‘किती’ सांगतो. कसं? एक हौद डोळ्यांसमोर आणा. हौदाची पातळी एका खुणेवर ठेवायची आहे. वरून पाणी येतंय, पण किती ते माहीत नाही. तुम्ही पंप लावता. पातळी वाढली की पाणी उपसता, उतरली की भरता. पंप किती चालवावा लागला, त्यावरून किती पाणी आलं ते कळतं. वाइडबँड सेन्सरमध्ये एक इवलीशी पोकळी असते. तिथला वीजदाब ४५० मिलिव्होल्टवर राहील अशा बेतानं एक छोटा विद्युत पंप ऑक्सिजन बाहेर काढतो किंवा आत ढकलतो. त्या पंपाला लागलेला प्रवाह, तेच मोजमाप.

आता निवड. पहिलं, डबीवर ‘एअर-फ्युएल’ लिहिलंय म्हणून ते वाइडबँड होत नाही. दिव्यांची रंगीत रांग पळवणारी काही स्वस्त गेजं आतून नॅरोबँडच असतात. बॉशच्या एलएसयू जातीच्या वाइडबँड सेन्सरला पाच तारा आणि सहा पिनांचा कनेक्टर असतो. साध्याला एक ते चार तारा असतात. दुसरं, गेजच्या देखणेपणाआधी सेन्सर विचारा. एलएसयू ४.२ हा जुना. त्याला मोकळ्या हवेत धरून मधूनमधून कॅलिब्रेट करावं लागतं. ४.९ ला त्याची गरज सहसा पडत नाही. एईएम किंवा इनोव्हेटची आजची गेजं ४.९ वर चालतात. तिसरं, सेन्सर हा झिजणारा भाग आहे. तोच सेन्सर पुन्हा सुटा मिळेल का, हे घेतानाच विचारा. आणि चौथं, गेज लॅम्डा दाखवू शकतं का ते पाहा. या चौथ्यावर थोडं थांबू.

धूर आणि अग्नीकडे परत येऊ. धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण उलट, अग्नी तिथे धूर, हे नैयायिक मान्य करत नाहीत. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओलं सरपण असेल तरच. या लपलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. आपल्या गेजमध्येही उपाधी आहे, आणि तीही सरपणाचीच!

सेन्सरला खरं तर लॅम्डा कळतो. पुरी हवा आणि पुरं इंधन म्हणजे लॅम्डा १. एकाच्या वर लीन, खाली रिच. मग इंधन पेट्रोल असो, ई-२० असो, नाहीतर गॅस. गेज त्या लॅम्डाला १४.७ ने गुणतं आणि आकडा दाखवतं. म्हणजे टाकीत ई-२० असतानाही, मिश्रण अगदी बरोबर असेल तेव्हा गेज १४.७ च दाखवणार. इथे लोक फसतात. कुणी वाचतो की ई-२० ला १३.५ हवं, आणि गेजवर १३.५ येईपर्यंत जेट वाढवत बसतो. प्रत्यक्षात त्याचा लॅम्डा ०.९२ झालेला असतो, म्हणजे गरजेपेक्षा आठ टक्के रिच. गेज खोटं बोललं नाही. उपाधी आपण विसरलो. म्हणून गेज लॅम्डावर लावा आणि तेवढंच लक्षात ठेवा: सपाट रस्त्यावर संथ चालताना १ च्या आसपास, पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून चढ चढताना ०.८५ ते ०.९०.

आता बसवणं. इथला प्रत्येक नियम हे अनुमान टिकावं किंवा सेन्सर टिकावा, यासाठी आहे.

सेन्सरसाठी पाइपला भोक पाडून आटे असलेला लोखंडी गोल वेल्ड करतात. त्याला बंग म्हणतात. आटे १८ मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर पिचचे. चारही सिलिंडरचा धूर एकत्र आल्यानंतरची, पण फार लांब नसलेली जागा निवडा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्या आधी, टर्बो असेल तर त्याच्या नंतर. घड्याळाच्या दहा ते दोनच्या मध्ये, म्हणजे पाइपाच्या वरच्या अंगाला. कारण थंड पाइपात पाणी साठतं, आणि सुमारे ७८० अंश सेल्सिअसला तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला की ते तडकतं. त्याच कारणानं सेन्सरचा हीटर इंजिन सुरू झाल्यावरच चालू व्हावा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर सोडा आणि सेन्सर बाहेर ठेवा.

दुसरं, गळती. मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालं असेल किंवा पाइप सडला असेल, तर त्या फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि तो लीन सांगतो. मिसिंग असेल तरी तेच होतं: पेट्रोल जळलंच नाही, ऑक्सिजन तसाच बाहेर आला. न्यायाच्या भाषेत हेतू ‘सव्यभिचार’ झाला. खूण दिसते, पण ती भलत्याच कारणाचीही असू शकते. म्हणून गेज लावण्याआधी पॅकिंग, प्लग आणि वायरी बघून घ्या.

तिसरं, वीज. इग्निशन चालू झाल्यावर येणारी वायर घ्या, फ्यूजसकट. अर्थ इंजिनच्या स्वच्छ धातूवर घ्या. सेन्सरचा कनेक्टर कापून तार लांब करू नका. त्या सेन्सरपुरता जुळवलेला रेझिस्टर कनेक्टरमध्येच असतो. वीज नसलेला सेन्सर चालत्या गाडीच्या पाइपात ठेवू नका, काजळीनं मरतो. गेज काढलं तर बंगला बूच लावा.

आता श्रोत्यांचे दोन प्रश्न आलेत.

‘गेज लीन दाखवलं तर लगेच जेट बदलायचा का?’ नाही. आधी दुसरं प्रमाण शोधा. प्लग काढून रंग पाहा. पीयूसी केंद्रावर चार वायू मोजणारं यंत्र असेल, तर त्याचा लॅम्डा आपल्या गेजशी ताडून पाहा. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, तर जेट एक पायरी वाढवा, पुन्हा त्याच चढावर चालवा, पुन्हा लिहून काढा. आकडा वाचायला शेजारी माणूस बसवा. चालवणाऱ्यानं रस्ताच बघायचा. आणि गेज चार सिलिंडरची सरासरी सांगतं, हे विसरू नका. एक लीन आणि एक रिच असेल तर आकडा छान दिसेल. इथेनॉलनं रबरी नळ्या खराब होतात, तेही गेजला दिसत नाही. त्या हातानंच तपासायच्या.

‘माझी गाडी २०२१ ची बीएस-६ आहे. बसवू का?’ कशाला? तुमच्या गाडीत हे काम करणारं कुणीतरी आधीच आहे. पाइपाला भोक पाडून वॉरंटीचा वाद ओढवून घ्याल. आणि मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत मूळ रचनेपेक्षा बदल करण्यावर बंधन घालतं, तेही वाचून ठेवा. त्या पैशात चांगले टायर घ्या.

पद्मिनीवाल्यांनी मात्र पहिला आठवडा काहीही न बदलता नुसतं बघावं. थंड इंजिन, गरम इंजिन, सपाट, चढ, उतार, सगळे आकडे वहीत लिहावेत. जेटला हात त्यानंतर.