ओल्या चुन्यावरची मेरी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, ब्लू रिज डोंगरात अ‍ॅश काउंटी आहे. ख्रिसमसच्या झाडांची शेती आणि चीजचा कारखाना ही तिथली ओळख. वेस्ट जेफरसन गावाजवळचं सेंट मेरीज हे १९०५ सालचं चर्च बाहेरून अगदी साधं, लाकडी. पण लोक लांबून येतात ते आतल्या भिंतींसाठी.

हे चर्च एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या अमेरिकी शाखेचं. १९७०च्या दशकात फॉल्टन हॉज इथे धर्मगुरू होते, तेव्हा उपासनेला मोजकीच माणसं जमत. त्याच सुमारास बेन लाँग हा तरुण चित्रकार आपल्या राज्यात एक भिंत शोधत होता. स्टेट्सव्हिलला वाढलेला, व्हिएतनाम युद्धात मरीन दलात होता. नंतर फ्लॉरेन्सला जाऊन पिएत्रो अनिगोनी यांच्या हाताखाली राबला; राणी एलिझाबेथचं गाजलेलं व्यक्तिचित्र काढणारे ते हेच अनिगोनी. लाँग फुकट फ्रेस्को काढून द्यायला तयार होता, तरी त्याला भिंत मिळेना. हॉज यांनी मात्र लगेच होकार दिला. फ्रेस्को म्हणजे काय, हे त्यांनी नंतर विचारलं, असं तिथे सांगतात.

फ्रेस्कोच्या कामात चुकीला जागा नसते. भिजवून मुरवलेला चुना आणि वाळू यांचा गिलावा भिंतीवर चढवायचा, तोही त्या दिवशी रंगवून होईल तेवढ्याच भागावर. रंग नुसत्या पाण्यात कालवलेले. गिलावा ओला आहे तोवर हात चालवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत दगडासारखा घट्ट होतो आणि रंग त्यातच अडकून राहतो. चुकलं तर तेवढा गिलावा खरवडून पुन्हा सुरुवात. नीट पाहिलं तर एका दिवसाचं काम दुसऱ्या दिवसाच्या कामाला भिडतं तिथे बारीक सांधा दिसू शकतो.

१९७४ साली पूर्ण झालं गरोदर मेरीचं चित्र. दिवस भरत आलेली, उभी मेरी. कडेवर बाळ असलेली मेरी जगभर दिसते, अशी क्वचितच. लाँगने या भागात काढलेल्या चारही चित्रांत मला हेच सर्वांत थोर वाटतं. पुढे बाप्तिस्मा देणारा योहान आणि ‘श्रद्धेचं गूढ’ ही चित्रं याच चर्चमध्ये आली.

जवळच ग्लेनडेल स्प्रिंग्जला १९०१चं होली ट्रिनिटी चर्च कित्येक वर्षं बंद, पडक्या अवस्थेत होतं. १९८० साली लाँगने विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तिथे वेदीमागची अख्खी भिंत येशूच्या शेवटच्या भोजनाने भरून टाकली. शिष्यांसाठी आसपासची माणसं बसवली. शंकेखोर थॉमसला चेहरा दिला स्वतःचा. या एका चित्राने त्या बंद दारांत पुन्हा माणसांची ये-जा सुरू झाली. पुढे १९९२ मध्ये लाँगचे फ्रेस्को शार्लट शहरातल्या बँकेच्या उत्तुंग इमारतीतही झळकले, पण त्याला पहिली भिंत दिली ती सेंट मेरीज या गरीब चर्चने. मला तो मान फार मोठा वाटतो.

शार्लटकडची मराठी मंडळी पानगळीचे रंग पाहायला ब्लू रिज पार्कवेवर जातात. ग्लेनडेल स्प्रिंग्ज त्या रस्त्याला लागूनच आहे. निघण्यापूर्वी पार्कवे खुला आहे ना, ते बघा. २०२४च्या हेलीन वादळाने त्याची मोठी हानी झाली होती. चित्रं पाहायला तिकीट नाही. जमेल ते दान ठेवा, आणि भिंतीला हात लावू नका.