दिवस राहिल्यावर येते ती पाळी नव्हे!

शेतकरी भगिनींनो, आणि बंधूंनोसुद्धा. बंधूंनी विषय बघून पान उलटू नये, कारण रात्री-अपरात्री दवाखान्याला न्यायचं ते तुम्हालाच.

या पानावर आपण नेहमी बियाणं, खतं, फवारणी याबद्दल वाचता. आजचा विषय तसा माझ्या खात्याचा नाही. पण शेतीशाळा संपून पुरुषमंडळी चहाला उठली की बांधावर बसलेल्या बायका हळूच जे विचारतात, ते बोंडअळीबद्दल नसतं. ‘मॅडम, माझ्या जावंला तिसरा महिना लागलाय, तरी पाळी येतीय. एखादीला येती म्हणं तशी?’ हा प्रश्न मला एका गावात नाही, बऱ्याच गावांत ऐकायला मिळाला. आणि दर वेळी कुणीतरी जुनी बाई ठासून सांगते, ‘येती की! आमच्या वन्संला पाचव्यापर्यंत येत होती.’

येत नाही. दिवस राहिल्यावर पाळी येतच नाही. वन्संना रक्त गेलं असेल, ते खोटं नाही. पण ती पाळी नव्हती.

यामागचं कारण सोपं आहे. दर महिन्याला गर्भपिशवीत आतून मऊ अस्तर तयार होतं. वाफा तयार करून बियाण्याची वाट बघावी, तसं. गर्भ राहिला नाही की अंगातला ते अस्तर धरून ठेवणारा रस, म्हणजे हार्मोन, कमी होतो आणि अस्तर गळून रक्तावाटे बाहेर पडतं. हीच पाळी. गर्भ राहिला की तो स्वतःच निरोप पाठवतो, तो रस चालू राहतो आणि अस्तर गळत नाही. लघवीच्या किटवर दोन रेघा उमटतात, त्या याच निरोपाच्या. त्यामुळे त्यानंतर रक्त दिसलं तर त्याचं कारण वेगळंच असतं आणि ते शोधावं लागतं.

जनावरं पाळणाऱ्यांचा इथे आणखी एक घोटाळा होतो. गाय माजावर येऊन गेली की दोनेक दिवसांनी रक्ताळलेला सोट टाकते. त्यावरून गाय राहिली की उलटली ते कळत नाही, दोन्हीत तसं दिसू शकतं. बाईचं गणित निराळं आहे. गोठ्यातलं ज्ञान घरात लावायला जाऊ नये.

मग पाळी आणि हे रक्त ओळखायचं कसं? पाळी साधारण २१ ते ३५ दिवसांनी येते, २ ते ७ दिवस राहते. सुरुवातीला कमी, मग वाढ, मग उतार, असा तिचा ठराविक चढउतार प्रत्येक बाईला आपापला माहीत असतो. सगळं मिळून रक्त जातं साधारण ३० ते ४० मिली, म्हणजे सहा-आठ लहान चमचे. गर्भारपणातल्या रक्ताला असा हिशेब नसतो. कधी तपकिरी डाग, कधी लालभडक धार, कधी गाठी. नुसत्या रंगावरून निदान करू नका, रंग फसवतो.

पाळीच्या तारखेच्या आसपासच एक-दोन दिवस नुसते गुलाबी-तपकिरी डाग पडले, तर तो गर्भ पिशवीला चिकटताना गेलेला थोडासा अंशही असू शकतो. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते तारखेचं. बाई तीच पाळी धरते आणि पुढचे सगळे महिने एकाने मागे पडतात. गाय भरवल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेली असते आणि २८० दिवस अचूक मोजले जातात. सुनेचेही शेवटच्या पाळीपासून २८० दिवसच मोजायचे असतात, पण तिची तारीख कुठंच लिहिलेली नसते. नेहमीपेक्षा कमी किंवा वेगळी ‘पाळी’ आली तर आशाताईकडून किट घेऊन तपासा, आणि डॉक्टरांना दोन्ही तारखा सांगा.

पहिल्या तीन महिन्यांत चारपैकी साधारण एका गर्भारणीला थोडंफार रक्त दिसतं. त्यातल्या बऱ्याच जणींचं बाळंतपण पुढे नीट होतं, म्हणून लगेच रडारड नको. पण अंगावर काढणंही नको, कारण याच काळात एक फार वाईट गोष्ट लपलेली असते. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजतो. शंभरात एक-दोन जणींच्या बाबतीत असं होतं. यात बाहेर रक्त दिसतं अगदी थोडं, आणि नळी फुटली की आत पोटात सांडतं.

मागच्या वर्षी कापूस वेचणीत एक बावीस वर्षांची मुलगी तीन दिवस ‘पाळी आलीय’ म्हणून डाग पडत असताना वेचत होती. किलोवर मजुरी, दिवस कोण मोडणार? एका बाजूला ओटीपोटात कळ होती, तिसऱ्या दिवशी खांदाही दुखायला लागला. ‘ओझ्यानं असंल’ म्हणाली आणि सरीतच चक्कर येऊन पडली. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेल्यावर पोट उघडून नळी काढावी लागली. वाचली. घरी किटवर दोन रेघा आल्या होत्या, पण दोन रेघा आल्या म्हणजे गर्भ पिशवीतच आहे असं नसतं. ते सोनोग्राफीतच कळतं. एका बाजूची कळ, खांदादुखी, भोवळ यातलं काहीही रक्ताबरोबर असेल तर सकाळची वाट बघू नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका. बीडकडच्या तोडणी महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी ‘खाडा’ हा शब्द पेपरात आला. खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून रक्त गेलं तरी बाई मोळी उचलते. मुकादमाकडून उचल घेणाऱ्या कारभाऱ्यांनी हे आधीच बोलून घ्यावं, फडात गेल्यावर नाही.

गर्भ पडलाच, तर सासूबाईंनी एक ध्यानात घ्यावं. सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांच्या घडणीतच दोष असतो. ‘पपई खाल्ली’, ‘उष्णता झाली’ म्हणून सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही. आणि मेडिकलवरून मनानेच रक्त थांबवायची किंवा पाळी आणायची गोळी घेणं तर मुळीच नको. गाठ किंवा द्राक्षाच्या मण्यांसारखं काही पडलं तर ते टाकून न देता स्वच्छ डब्यात दवाखान्यात न्यावं.

पाचव्या महिन्यानंतरच्या रक्ताला मात्र ‘बघू’ म्हणायचंच नाही. पोट न दुखता लालभडक रक्त गेलं तर वार खाली, पिशवीच्या तोंडाशी असू शकते. अशा वेळी सुईणीला आत हात घालू देऊ नका, रक्ताचा पाट वाहू शकतो. पोट दगडासारखं कडक होऊन दुखत असेल तर वार आधीच सुटली असण्याची भीती असते. वाढलेलं बीपी, ट्रॉलीवरून पडणं, म्हशीची लाथ ही त्याची कारणं. यात बाहेर कमी दिसलं तरी आत जास्त साठलेलं असतं. दिवस भरल्यावर चिकट, किंचित रक्ताळलेला स्राव गेला, तर ती बाळंतपणाची सुरुवात असते. तेव्हा दवाखान्यात निघायचंच असतं.

निघताना बाईला डाव्या कुशीवर झोपवा. १०२ किंवा १०८ ला फोन करा, गाडीचे पैसे पडत नाहीत. किती घड्या, किती पॅड भिजले ते मोजून सांगा. तासाला एक भिजत असेल तर ती तातडीची वेळ. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात मुळात रक्त कमी आहे, त्यामुळे दुसरीला सोसेल तेवढं तिला सोसत नाही. रक्त देऊ शकतील असे दोघे सोबत घ्या. तपासणीचं कार्ड विसरू नका, त्यावर रक्तगट असतो. तो निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अँटी-डी हे इंजेक्शन लागणार असेल तर ते ७२ तासांच्या आत द्यावं लागतं.