फ्यूज कोणाला वाचवतो?

आमच्या जुन्या जीपचा फ्यूज बॉक्स बॅटरीला खेटून होता. बेळगावच्या पावसात त्यात पाणी शिरायचं, टर्मिनलांवर हिरवट गंज चढायचा आणि हेडलाइट ऐन चोर्ला घाटात जायचे. म्हणून या मे महिन्यात पप्पांनी आणि मी तो बॉक्स डॅशबोर्डखाली हलवला.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावून फोटो घेतले. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवलं, नाहीतर पत्र्याची धार वायरीचं आवरण कापते. वायरी गरम मॅनिफोल्डपासून लांब बांधल्या. इंजिन हलतं, म्हणून थोड्या सैल ठेवल्या.

सगळं कसं नीटनेटकं दिसत होतं! पण वायरमनकाकांनी विचारलं, "बॅटरीपासून बॉक्सपर्यंतची ही लांब वायर कोण सांभाळणार?"

तेव्हा कळलं, फ्यूज आपल्या पुढच्या वायरीला वाचवतो, मागच्या नाही. ती वायर घासून बॉडीला टेकली असती, तर बॉक्समधला एकही फ्यूज उडाला नसता. वायरच पेटली असती. मग बॅटरीजवळच मेन फ्यूज घातला, वायरीला झेपेल एवढ्याच अँपिअरचा. 15चा उडतो म्हणून 30चा घालणं, हीसुद्धा तीच चूक.

तुम्हीही कधी बॉनेट उघडलंत, तर बॅटरीपासून पहिला फ्यूज किती लांब आहे, ते आधी बघा.