काय बाहेर जाणार नाही

'इथलं बोलणं इथंच राहील,' असं कोचनं सांगितलं की समोरचे अधिकारी मान डोलावतात, पण विश्वास ठेवत नाहीत. का ठेवावा? फी कंपनी भरते, कोचचं नाव एचआरनं सुचवलेलं असतं आणि बढतीचा निर्णयही तिथंच होणार असतो.

म्हणून मी पहिली बैठक तिघांची घेते: अधिकारी, त्यांचे वरिष्ठ आणि मी. उद्दिष्टं ठरतातच, पण काय बाहेर जाणार नाही, हे तिथं मोठ्यानं ठरावं याचा मी आग्रह धरते. सत्रं किती झाली, एवढंच कंपनीला माझ्याकडून कळेल. प्रगती सांगायची ती अधिकाऱ्यांनी स्वतः. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कायद्यानं सांगणं भाग असेल, तर गोपनीयता उरत नाही, हेही आधीच स्पष्ट होतं. वरिष्ठांच्या तोंडून 'मान्य' ऐकलेलं असतं. माझ्या शंभर आश्वासनांना त्याची सर येत नाही. पुढे कधीतरी लिफ्टपाशी वरिष्ठ विचारतातच, "काय, कसं चाललंय आमच्या माणसाचं?" उत्तर ठरलेलं: "त्यांनाच विचारा ना."

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात दिसलं, की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती. तिथले लोक चुका उघडपणे बोलत होते. १९९९च्या शोधनिबंधात त्यांनी कामाच्या टीममधली मानसिक सुरक्षितता मांडली. आमच्या खोलीत माणसं दोनच, पण सत्रामागून सत्र 'सगळं छान चाललंय' ऐकू आलं की मी सावध होते.

खरं बोलण्याआधी माणूस चाचपून बघतो. सहकाऱ्याबद्दल एखादं कडवट वाक्य टाकतो. मी दचकते का, लगेच सल्ला देते का, हे पाहतो. मग इंग्रजीत चाललेलं बोलणं अचानक मराठीत येतं: "मॅडम, खरं सांगू? मला त्या रिव्ह्यू मीटिंगची भीती वाटते." इथं धीर द्यायची घाई घातक. 'अहो, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला कसली भीती?' या एका वाक्यानं ते पुन्हा इंग्रजीत जातात, आणि नंतरचे दोन महिने आम्ही टाइम मॅनेजमेंटवर बोलत बसतो.

पण सुरक्षितता म्हणजे गोंजारणं नव्हे. "आत्ता तुम्ही दोनदा माझं बोलणं तोडलंत. टीमशीही असंच होतं का?" हे मला विचारता आलं पाहिजे. ते चिडतात, चिडलो म्हणून सांगतातही. मग आम्ही त्या रिव्ह्यू मीटिंगकडे वळतो: कोण कुठल्या मुद्द्यावर गप्प झालं, कुणाचं वाक्य अर्धवट राहिलं, आणि ते आधी कुणाकडे जाऊन पूर्ण ऐकायचं.