खोटे वगळणारी सॉफ्टवेअरे: कर्करोगातले जनुक-फ्यूजन कसे सापडते

मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरच्या पूर्णा जंक्शनवरून अकोल्याचा फाटा फुटतो. समजा, इथल्या यार्डात मुंबईच्या गाडीचे पुढचे डबे चुकून अकोल्याच्या गाडीच्या मागच्या डब्यांना जोडले गेले. गाडी अंधारात उभी आहे आणि बॅटरीच्या झोतात एका वेळी लगतच्या दोन डब्यांच्या पाट्याच तेवढ्या दिसतात. तरीही एकीवर ‘मुंबई’ आणि लागूनच्या दुसरीवर ‘अकोला’ वाचले, की घोळ नेमका कुठे झाला ते कळते. कर्करोगाच्या पेशीत गुणसूत्रे तुटतात, भलतीकडे सांधली जातात आणि दोन वेगळ्या जनुकांचे तुकडे असेच एकमेकांना चिकटतात. यालाच जनुक-फ्यूजन म्हणतात. ते हुडकणारी सॉफ्टवेअरे त्या बॅटरीवाल्याचेच काम करतात. फक्त इथे पाट्या कोट्यवधी असतात आणि त्यांतल्या पुष्कळ फसव्या.

पहिले फ्यूजन संगणकाविना सापडले. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशींत एक विलक्षण आखूड गुणसूत्र दिसले. ते आखूड का, याचे उत्तर १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दिले. घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कापून, मांडून त्यांनी ताडले, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापल्या टोकांची अदलाबदल केली आहे. त्या सांध्यावर बीसीआर आणि एबीएल ही जनुके एकत्र येतात आणि त्यांतून सतत चालूच राहणारे, पेशीला वाढायला लावणारे प्रथिन तयार होते. २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले इमॅटिनिब नेमके तेच प्रथिन बंद पाडते.

या औषधाशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आला. ग्लिव्हेक या नावाने मिळणाऱ्या मूळ गोळ्यांचा खर्च महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होता, तर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या त्याच्या दहाव्या हिश्श्यात मिळत. मूळ औषधाच्या पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली. फ्यूजन सापडणे ही प्रयोगशाळेतली कोरडी गोष्ट नाही, ते अशा वेळी उमगते.

पण सगळीच फ्यूजने सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. जपानमध्ये हिरोयुकी मानो यांच्या गटाने २००७ साली फुप्फुसाच्या कर्करोगात ईएमएल-४ आणि एएलके यांचा संयोग शोधला. ही दोन्ही जनुके २ क्रमांकाच्या एकाच गुणसूत्रावर, डीएनएच्या सव्वा कोटीच्या आसपास अक्षरांच्या अंतराने बसलेली. मधला तुकडा उलटा फिरला की ती जोडली जातात आणि बाहेरून गुणसूत्र जवळपास होते तसेच दिसते. अशा ठिकाणी अक्षरे वाचणे कामी येते.

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये पेशीतल्या आरएनएचे वाचन करून फ्यूजने शोधता येतात हे दाखवले. आरएनएच का, तर चालू असलेल्या जनुकांच्याच प्रती त्यात असतात. या प्रतींचे बारीक तुकडे करतात आणि यंत्र प्रत्येकाची दोन्ही टोके वाचते, एका टोकाची साधारण १०० ते १५० अक्षरे. एका नमुन्यातून अशा कित्येक कोटी जोड्या निघतात. मग सॉफ्टवेअर दोन प्रकारचे पुरावे गोळा करते. काही वाचने स्वतःच सांध्यावरून जातात: अर्धी अक्षरे एका जनुकाची, उरलेली दुसऱ्याची. काहींत एक टोक एका जनुकात आणि दुसरे भलत्याच जनुकात पडते, सांधा मधल्या न वाचलेल्या भागात राहतो. दोन्ही पुरावे एकाच जागेकडे बोट दाखवू लागले, की तो सांधा संशयितांच्या यादीत येतो.

इथवर काम सोपे आहे, अडचण पुढे आहे. माणसाच्या सुमारे २०,००० प्रथिन-जनुकांतून पुढचे एक आणि मागचे एक असे निवडले तर जवळपास ४० कोटी जोड्या संभवतात, आणि नाना चुकांतून त्यांतल्या पुष्कळ खोट्या जोड्या निर्माण होऊ शकतात. नमुना तयार करताना आरएनएची नक्कल करणारे एन्झाइम मध्येच एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारते. एकमेकांसारखी दिसणारी जनुके वाचनाची गल्लत करतात. शेजारशेजारची दोन जनुके निरोगी पेशीतही कधीकधी एकाच दमात वाचली जातात. माझ्या मते या सॉफ्टवेअरांचे खरे कसब शोधण्यात नाही, वगळण्यात आहे. निरोगी ऊतींत दिसणाऱ्या सांध्यांची यादीच ती बाळगतात आणि आलेला प्रत्येक संशयित तिच्याशी ताडतात.

आज चलनात असलेली स्टार-फ्यूजन आणि अरीबा ही दोन्ही अलेक्झांडर डोबिन यांच्या ‘स्टार’ या वाचन-जुळवणी सॉफ्टवेअरच्या जोरावर चालतात. माणसाच्या जीनोमसाठी स्टारला सुमारे ३० गिगाबाइट मेमरी लागते; घरच्या लॅपटॉपचे ते काम नव्हे. २०१९ मध्ये ब्रायन हास आणि सहकाऱ्यांनी २३ पद्धतींची तुलना केली, तेव्हा अचूकता आणि वेग या दोन्हींत ही दोन व स्टार-सेकर हे आणखी एक सॉफ्टवेअर वरच्या रांगेत आली. स्टार-फ्यूजन आणि अरीबा यांचा आतला कोड कुणालाही पाहता येतो.

वगळण्याच्या याद्या मात्र ज्या लोकांच्या नमुन्यांवरून केल्या त्यांच्याच असतात; इतरांचे वेगळेपण त्यांत सुटू शकते. फ्यूजनच्या बाबतीत नव्हे, पण एकेका अक्षराच्या बदलांच्या बाबतीत ही उणीव नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन संस्थेत भरून काढायला सुरुवात झाली. अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये टीएमसी-एसएनपीडीबी हा संग्रह खुला केला. त्यात भारतीय रुग्णांच्या ६२ निरोगी नमुन्यांतले १,१४,३०९ जन्मजात बदल नोंदलेले आहेत. हे बदल हाताशी असले, की भारतीय रुग्णाच्या अंगचे वैशिष्ट्य कर्करोगाच्या खात्यावर पडत नाही.

सॉफ्टवेअरने नाव दिले म्हणून अहवाल तयार होत नाही. रंगीत प्रोबची फिश चाचणी किंवा पीसीआर करून तो सांधा पुन्हा तपासतात. शिवाय सगळा डोलारा नमुन्यावर उभा असतो. मुंबईला टाटामध्ये दाखवायला निघालेल्या रुग्णाचे नातेवाईक पूर्ण्याहून देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसतात, तेव्हा पिशवीत काचेच्या स्लाइडबरोबर मेणाचा ब्लॉक असतो. बायोप्सीचा तुकडा त्यातच जपलेला. फॉर्मेलिनमध्ये मुरलेल्या अशा तुकड्यातला आरएनए जागोजाग तुटलेला असतो, त्यामुळे सांध्यावरची वाचने कमी मिळतात. म्हणून कित्येक प्रयोगशाळा सगळा आरएनए न वाचता एएलके, आरओएस-१, आरईटी, एनटीआरके अशा मोजक्या, औषध उपलब्ध असलेल्या जनुकांचेच पॅनेल वाचतात.